गणपतीच्या देखाव्यासाठी शिडाचं गलबत : भागांची नावं आणि जोडणी

पेठकरी

मंडळी, नमस्कार. यंदा गणपतीत आमच्या मंडळानं मराठा आरमाराचा देखावा करायचं ठरवलंय. पडद्यावर रंगवलेलं जहाज नको, लाकडी गलबतच उभं करायचं, अठरा फुटी, शिडासकट. सांगाडा इथं कोल्हापुरात, उद्यमनगरात एका मित्राच्या शेडमध्ये सुरू झालाय. मांडवाच्या पत्र्यापर्यंत उंची सोळा फूट मिळते, त्यात सगळं बसवायचं आहे.

तालमीच्या पोरांना फळी तासायला सांगा, लोखंड वाकवायला सांगा, रात्रभर करतील. पण शिडाच्या नावेचा भाग न् भाग माहीत असलेला माणूस आमच्यात कुणी नाही. नेटवर मिळतात ती चित्रं विलायती यॉटची. मेनसेल, जिब, बूम, हॅलियार्ड अशी नावं. ती आपल्या गलबताला लागू होतात का? सुतारमामा रोज विचारतात, डोलकाठी नेमकी कुठं रोवू, शिडाची काठी किती लांब घेऊ, सुकाणू कशावर टांगू. शिवाय शाळांची पोरं देखावा बघायला येतात, त्यांच्यासाठी भागाभागाला पाटी लावायची आहे. पाटीवर चुकीचं गेलं तर पोरं तेच डोक्यात घेऊन घरी जाणार. म्हणून आधी इथं विचारतोय. ज्यांना दर्याची माहिती आहे त्यांनी हातचं न राखता लिहा. सांगाड्यात अजून बदल करता येतील.

देवबागकर

पेठकरी, चांगलं काम काढलंस. मी मूळचा मालवण तालुक्यातला, नोकरीमुळं कोल्हापुरात स्थायिक झालो. आजोबा शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे नाव चालवणारे प्रमुख होते, मंगळुरी कौलं भरून मुंबईपर्यंत जायचे. नाव बांधताना ज्या क्रमानं काम चालतं त्याच क्रमानं सांगतो, म्हणजे तुमच्या सुतारमामांनाही सोपं जाईल.

सगळ्यात आधी पठाण. नावेच्या तळाला पुढून मागपर्यंत जाणारा अखंड जाड वासा. बाकीची सगळी नाव त्याच्यावर उभी राहते, म्हणून त्याला सरळ, गाठ नसलेलं लाकूड निवडतात. पठाणाच्या पुढच्या टोकाला तिरकी वर चढत जाते ती नाळ. नारळी पौर्णिमेला नारळ, हार, हळदकुंकू याच नाळेला. मागचं टोक म्हणजे वरामा, तांडेलाची जागा तिथं. मग पठाणावर दोन्ही बाजूंना वाक बसवतात, म्हणजे नावेच्या बरगड्या. वाक कापून गोल करत नाहीत. जंगलातच तसं वाकडं वाढलेलं लाकूड शोधतात, कारण लाकडाच्या तंतूंची रेषा तुटली की ते तिथंच मोडतं. वाकांवर फळ्या आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल. तुमच्या नावेला पाण्यात जायचं नाही, तरी सांध्यांच्या रेषा दिसू द्या. प्लायवूडचा गुळगुळीत पत्रा मारला तर लांबून सुद्धा खोटं दिसेल.

आता शिडाकडे येतो, कारण सगळे चुकतात ते इथंच.

आपल्या किनाऱ्यावरच्या नावेची डोलकाठी पुढं झुकलेली असते. सरळ नाही, मागं तर अजिबात नाही. तिच्यावर शीड थेट बांधत नाहीत. एक वेगळी लांब काठी असते, तिला परबाण म्हणतात. शीड बांधलं जातं परबाणाला आणि परबाण टांगलं जातं डोलकाठीला. परबाण आडवं नसतं, तिरकं असतं. पुढचं टोक खाली नाळेकडे, मागचं टोक वर आभाळात, डोलकाठीच्याही वर. मोठ्या गलबताचं परबाण नावेच्या लांबीइतकं असू शकतं. एवढी लांब काठी एका झाडाची मिळत नाही, म्हणून दोन-तीन काठ्या एकमेकींवर चढवून सुंभानं घट्ट आवळतात. त्या बांधणीचे वेढे देखाव्यात नक्की दाखवा, फार देखणे दिसतात.

शीड लांबून त्रिकोणी वाटतं, पण पूर्ण त्रिकोण नसतो. पुढचं टोक थोडं कापलेलं असतं, त्यामुळं नीट पाहिलं तर चार कोपरे दिसतात. पुढचा खालचा कोपरा दोरानं नाळेकडे बांधतात. मागचा खालचा कोपरा जो दोर धरतो तो दामण. दामण हाच गलबताचा लगाम. वारा वाढला की सोडायची, कमी झाला की ओढायची. रात्री दामण हातात असलेल्या खलाशानं डुलकी घेतली तर सगळ्यांचा जीव धोक्यात.

तुमच्या मापात बसेल असं काढून देतो. डोलकाठी बुडापासून ९ फूट, नाळेपासून साधारण ७ फुटांवर रोवलेली आणि टोक बुंध्यापेक्षा दीड फूट पुढं. परबाण १३ फूट. पुढून तिसऱ्या हिश्श्यावर टांगायचं आणि निम्म्या काटकोनात कलतं ठेवायचं. म्हणजे मागचं टोक बुडापासून साडेचौदा फुटांवर येईल, पत्र्याला लागणार नाही.

उद्यमनगरी

सांगाडा माझ्याच शेडमध्ये आहे. देवबागकर काका, मापं लिहून घेतली, उपकार झाले. पण फॅब्रिकेशनवाल्याच्या डोक्यात एक शंका आहे. काठी पुढं झुकवायची, वर तेरा फुटी परबाण, त्यावर कापडाचं वजन. सगळा भार पुढं येणार. मग काठी पुढं कोसळत कशी नाही? आम्ही बुंध्याला लोखंडी सॉकेट करून वेल्ड मारू शकतो, ते दिसणार पण नाही. पण खऱ्या नावेत काय करायचे ते कळलं तर तसंच करू.

देवबागकर

बरोबर जागी बोट ठेवलंत. डोलकाठीचा बुंधा तळाशी पठाणावर बसवलेल्या जाड ठोकळ्याच्या खोबणीत बसतो. वरती, नावेच्या काठांच्या उंचीवर, एक भक्कम आडवा वासा असतो आणि काठी त्याला दोरानं जखडतात. म्हणजे काठी दोन ठिकाणी धरली गेली. तिसरा आधार शीड चढवायच्या दोराचा. हा दोर परबाणाला बांधलेला, डोलकाठीच्या टोकाच्या कप्पीवरून मागं जातो आणि वरामाच्या बाजूला कप्प्यांच्या जोडीतून ताणून बांधतात. शीड जितकं जड, तितका हा दोर काठीला मागं खेचतो. भार पुढं, ताण मागं, दोन्ही एकमेकांना तोलतात. वेगळी तार लागत नाही. बाजूनं आधाराला वाऱ्याच्या अंगाला दोर ताणतात आणि वाऱ्याची बाजू बदलली की ते सोडून दुसरीकडे बांधतात.

सॉकेट करा, माणसं खाली उभी राहणार आहेत, सुरक्षितता आधी. पण मागचा दोर खरा ताणा, नुसता शोभेचा लोंबकळत ठेवू नका. सैल दोर दर्याच्या माणसाला लगेच खटकतो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

पण काठी पुढं झुकवायचीच कशाला? नेटवरच्या सगळ्या बोटींची काठी सरळ किंवा किंचित मागं दिसते.

शिडवाली

याचं उत्तर मी देते. मी कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात होते, तिथं सेलिंग शिकले आणि पुढं लेझर नावाची एकट्यानं चालवायची छोटी शिडाची बोट चालवली. नेटवर दिसतात त्या बोटींचं शीड थेट डोलकाठीला लागून असतं आणि काठीच्या मागंच राहतं. वाऱ्याची बाजू बदलली की शीड दाराच्या फळीसारखं इकडून तिकडं फिरतं, काठीला ओलांडावं लागत नाही. गलबताचं परबाण मात्र काठीच्या पुढं आणि मागं दोन्हीकडे पसरलेलं. बाजू बदलायची तर दामण सोडून, परबाण जवळजवळ उभं करून, काठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागतं. काठी पुढं झुकलेली असली की परबाण तिच्यापासून मोकळं लोंबतं आणि फिरवायला जागा मिळते. सरळ काठीवर ते घासत, अडकत जाईल.

म्हणूनच या नावा शक्यतो वाऱ्याला पाठ देऊन वळतात. आम्ही लेझरवर वाऱ्याला तोंड देऊन सटकन वळायचो, तसं मोठ्या गलबताला परवडत नाही. पूर्ण वळायला भरपूर दर्या आणि भरपूर माणसं लागतात.

पेठकरी, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. मेनसेल, जिब, बूम ही नावं चुकीची नाहीत, पण ती दुसऱ्या जातीच्या बोटीची आहेत. बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेला लागलेली आडवी काठी. तुमच्या गलबताला बूमच नसतो, शिडाची खालची कड मोकळी असते. तेव्हा त्या नावाची पाटी लावायला भागच नाही. हॅलियार्ड म्हणजे शीड चढवायचा दोर आणि शीट म्हणजे दामण, ही दोन कामं दोन्हीकडे सारखी आहेत. नवीन मुलं शीट म्हणजे कापड समजतात, तो दोर आहे हे पहिल्याच दिवशी घोकून घ्यावं लागतं.

वारणाकाठ

मी शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकतो. एक मूलभूत गोष्ट आधी ठरवा. तुम्ही गलबत करताय की गुराब? दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात, पण मराठा आरमारात ती दोन वेगळी जहाजं होती. रॉबर्ट ऑर्म या १८ व्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं दोन्हींचं नेमकं वर्णन करून ठेवलंय.

गुराब मोठी. दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टन. रुंदीला भरपूर आणि पुढं निमुळती होत गेलेली. तिची नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅली या वल्ह्यांच्या जहाजासारखी लांब पुढं आलेली. ही पुढची नाळ मुख्य तक्तपोशीच्या (डेकच्या) पातळीवर, पण मध्ये एक आडवी भिंत. लाटेत नाळ बुडाली की पाणी तिच्यावरून दोन्ही अंगांनी वाहून जायचं, आत शिरायचं नाही. त्या भिंतीतल्या झरोक्यांतून ९ किंवा १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा सरळ पुढं डोकावायच्या आणि नाळेवरून गोळे टाकायच्या.

गलबत म्हणजे मोठी वल्ह्यांची नाव. ७० टनांच्या वर क्वचितच. दोन डोलकाठ्या, मागची अगदी बारीक. पुढच्या मोठ्या काठीवर एकच मोठं तिकोनी शीड. ४० ते ५० वल्ही, त्यांच्या जोरावर तासाला चार मैल. तोफा सहा ते आठ, दोन ते चार पौंडी. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजं जागच्या जागी लटकायची आणि गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून इंग्रज जहाजांच्या पिछाडीला नेऊन ठेवायची, जिथं त्या जहाजांच्या तोफा कमीत कमी असायच्या.

अठरा फुटांत गुराब कोंबू नका. गलबतच करा, प्रमाण नीट राहील. मागची छोटी डोलकाठी मात्र विसरू नका.

आणि ज्यांना वाटतं की कोल्हापूरचा समुद्राशी संबंध काय, त्यांच्यासाठी. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं ठरली. मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिला आणि तिथं कोल्हापूरचं आरमार होतं. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं आणि पुढं परत दिला. १८१२ च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. म्हणजे तुमच्या पेठेत गलबत उभं राहणार ते पाहुणं म्हणून नाही, ते इथलंच आहे. देखाव्याच्या निवेदनात हे एवढं तरी यायलाच हवं.

पेठकरी

वारणाकाठ, अंगावर काटा आला वाचून. निवेदनात शंभर टक्के घेतो. गलबतच करायचं ठरलं. मागच्या काठीला काय म्हणायचं?

देवबागकर

कलमी. काठीही कलमी आणि तिच्यावरचं शीडही कलमीच. मोठ्या काठीच्या साधारण निम्म्या उंचीची ठेवा, वरामाच्या अलीकडे. तिचं शीड गुंडाळून परबाणाला बांधलेलं दाखवलं तरी चालेल, तेवढीच मूर्ती मोकळी दिसेल.

उद्यमनगरी

तोफांचं विचारायचं होतं. पोरांनी सहा इंची पाईप आणून ठेवलाय.

वारणाकाठ

चार पौंडी तोफेचा लोखंडी गोळा साधारण तीन इंच व्यासाचा असतो, तोही खऱ्या मापात. तुमचं गलबत खऱ्याच्या कितीतरी लहान आहे, तेव्हा एक-दीड इंची पाईप पुरे. सहा इंची तोफ त्या नावेवर ठेवली तर पहिल्या बारात नावच उलटी होईल. मुलं हुशार असतात, त्यांना प्रमाण लगेच कळतं.

शिरोळचा_नावाडी

आमच्याकडं नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नावा चालतात, त्यामुळं मला वल्हं आणि बांबू एवढंच ठाऊक. आमच्या नावेला पठाण असा खाली आलेला नसतो, बूड सपाट. नदीत उथळ ठिकाणी बूड टेकलं तरी नाव सरळ बसली पाहिजे. २०१९ च्या महापुरात तर गुळाच्या काहिलीत बसवून माणसं बाहेर काढली गावागावांत. काहिलीला ना नाळ ना वरामा, वल्हं मारलं की गोल फिरते. त्या दिवसांत कळलं की नावेला पुढं-मागं असणं किती मोठी गोष्ट आहे.

मला एक सांगा, वारा बाजूनं आला तर शिडाची नाव बाजूला का वाहून जात नाही? नदीत आमची नाव तर जाते.

शिडवाली

दादा, फार नेमका प्रश्न विचारलात. तुमची नाव बाजूला वाहते कारण बूड सपाट आहे, पाण्याला धरून ठेवणारं खाली काही नाही. पठाण पाण्यात खोल उतरलेलं असतं, त्याचा लांबलचक काठ पाण्याला आडवा येतो आणि बाजूला सरकू देत नाही. मग वाऱ्याच्या जोराला एकच वाट उरते, पुढं. छोट्या बोटींना पठाणाऐवजी मधोमध एक फळी वरून खाली सरकवतात, डॅगरबोर्ड म्हणतात तिला. ऑप्टिमिस्ट नावाची लहान मुलांची बोट आहे, सव्वादोन मीटरच्या थोडी वर लांब, ३५ किलोची. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी बनवली. दहा वर्षांचं मूलसुद्धा ती एकटं चालवतं. त्यातली ती फळी वर ओढून घेतली की बोट तुमच्या काहिलीसारखीच भरकटते. फळी खाली ढकलली की तीच बोट रुळावर आल्यासारखी पुढं निघते. हाताला जो फरक लागतो तो कुठल्याही आकृतीत समजत नाही.

वाऱ्याच्या अगदी तोंडावर मात्र कुठलीच शिडाची नाव जात नाही. चांगली आधुनिक बोट वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवते आणि नागमोडी जाते. जुनं गलबत त्याहून बरंच दूर राहतं.

देवबागकर

यात निरम पण घ्या. माल नसेल तेव्हा नावेच्या तळात दगड किंवा वाळू भरतात, त्याला निरम म्हणतात. रिकामं गलबत शीड लावून बाहेर काढलं तर पहिल्या झोडीला आडवं होईल. देखाव्यात तळाच्या दोन-तीन फळ्या मोकळ्या सोडून आत पंचगंगेतले गोटे भरा. पाटीही लावा. मुलं हमखास विचारतात, नावेत दगड कशाला?

कळंब्याच्या_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमची मुलं हा देखावा बघायला येतीलच, म्हणून पाट्यांबद्दल बोलते. नुसतं नाव लिहिलेली पाटी मुलं वाचतात आणि पुढच्या मिनिटाला विसरतात. वर देवबागकरांनी दामणाबद्दल लिहिलं, "वारा वाढला की सोडायची, कमी झाला की ओढायची", ते मी वर्गात वाचून दाखवलं. चौथीतल्या एका मुलीनं लगेच विचारलं, "मग दोन्ही हातांनी धरायची का?" तिच्या डोळ्यांपुढं दोर आला होता. तेव्हा पाटीवर नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली त्या भागाचं काम एका वाक्यात लिहा. जमलं तर दामण आणि सुकाणूचा दांडा मुलांना हातात धरता येईल अशा उंचीवर ठेवा. दोर मोडला तर मोडू दे, नवा बांधता येतो.

देवबागकर

बाई, मान्य. फक्त एक विनंती. पाट्यांवर परबाणाच्या जागी "यार्ड" आणि दामणाच्या जागी "शीट" लिहू नका. आधीच आमच्या किनाऱ्यावर ही नावं ऐकू येईनाशी झालीत. यांत्रिक बोटी आल्या, शिडं गेली, शीड बांधणारी माणसं गेली. आजोबांच्या तोंडी असलेली निम्मी नावं माझ्या वडिलांच्या तोंडी नव्हती.

शिडवाली

काका, गलबतावर ती नावं नकोतच, पूर्ण सहमत. पण त्याच मुलांपैकी कुणी उद्या नौदलात जाईल, गोव्याला किंवा मुंबईला सेलिंग शिकायला जाईल. तिथं प्रशिक्षक "शीट सोड" असंच ओरडणार आणि वाऱ्याच्या झोतात ते सोडायला एक क्षण मिळतो. तेव्हा तिला तेच नाव माहीत असायला हवं. गोव्यात दिवार बेटावर बांधलेल्या म्हादेई बोटीतून नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तारिणी या शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारून आल्या. त्या बोटींवरची भाषा ही आहे. कोल्हापूरच्या मुलींनी तिथं पोचावं असं मला मनापासून वाटतं.

माझा उपाय असा. गलबतावर फक्त आपली नावं. शेजारी एका वेगळ्या फलकावर लेझरसारख्या छोट्या बोटीचं मोठं चित्र आणि त्यावर तिची नावं : मास्ट (डोलकाठी), बूम, मेनशीट (शिडाचा दोर), टिलर (सुकाणूचा दांडा), रडर (सुकाणू), डॅगरबोर्ड. चित्र मी काढून देते. दोन्हींची सरमिसळ मात्र नको.

देवबागकर

हे पटलं. तारिणीवरच्या मुलींबद्दल मला अभिमान आहेच. चित्र वेगळं ठेवा, गलबताला धक्का लागला नाही म्हणजे झालं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

चौकोनी शीड लावलं तर जास्त भव्य नाही का दिसणार? नौदलाची ती शिवलेली नाव आली होती ना बातम्यांत, कौंडिण्य. तिला चौकोनी शिडं होती.

वारणाकाठ

कौंडिण्य सुंदर आहे, पण ती वेगळ्या काळाची. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून ती बांधली. फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तिला आपल्यासारखं मागं टांगलेलं सुकाणू नाही, मोठ्या वल्ह्यांनी दिशा देतात. मराठा आरमार त्यानंतर हजाराहून जास्त वर्षांनी आलं. चौकोनी शीड लावून खाली "मराठा गलबत" असं लिहिलं तर दोन्हींवर अन्याय होईल. पुढच्या वर्षी कुणीतरी अजिंठ्याचं जहाज स्वतंत्र करावं, मी हवी ती मदत करीन.

उद्यमनगरी

सुकाणूचं काम आज घेतलंय. वरामाला बिजागऱ्या कशा?

देवबागकर

दाराच्या बिजागरीसारखी गोल पिन नको. वरामाच्या लाकडात लोखंडी कड्या आणि सुकाणूच्या फळीला खाली वळलेले आकडे. आकडे वरून कड्यांत सोडायचे. उथळ पाण्यात नाव आली की सुकाणू वर उचलून काढून घेता येतं. फळी पाण्यात पठाणाच्याही खाली थोडी उतरू दे. वरच्या टोकाला दांडा, तो तांडेलाच्या काखेत. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, हे मुलांना करून दाखवा.

पेठकरी

शिडासाठी जाड मांजरपाट आणलाय, न धुतलेला, तसाच पिवळसर. पट्टे उभे शिवायचे की आडवे?

देवबागकर

मागच्या मोकळ्या कडेला समांतर. त्या कडेवर ताण जास्त येतो, पट्टे तिच्या बाजूनं गेले की कापड ताणून बेढब होत नाही. पट्टे अरुंद ठेवा आणि कडांना आतून दोर घालून शिवा. पांढराशुभ्र सॅटिनचा पडदा कुणी आणला तर प्रेमानं परत करा.

पेठकरी

आणि शीड फुगलेलं दिसावं म्हणून मोठे पंखे लावायचा विचार आहे. डोलकाठीवर भगवा फडकणार.

शिडवाली

थांबा, इथं एक गोष्ट नीट बघा. बहुतेक चित्रांत आणि देखाव्यांत शीड पुढं फुगलेलं असतं आणि झेंडा मात्र मागं फडकत असतो. वारा एकच असताना हे होऊच शकत नाही. वारा मागून येऊन शीड पुढं फुगवत असेल तर भगवाही पुढं, नाळेकडेच फडकेल. तुम्ही पंखे मागून थोडे एका बाजूला ठेवा, समजा वरामाच्या डाव्या कोपऱ्यातून. शीड उजवीकडे पुढं फुगेल, भगवा उजवीकडे पुढं जाईल, दामण उजव्या काठावर ताणलेली राहील. शीडही डोलकाठीच्या उजव्या अंगाला हवं, म्हणजे वारा ते काठीवर दाबणार नाही. आणि बाजूचे आधाराचे दोर डावीकडे, वाऱ्याच्या अंगाला. एवढं जुळलं की बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण नाव चालतीय असं वाटेल.

वल्ही मग आत घेतलेली दाखवा, काठावर आडवी रचून. शीड भरलेलं असताना कुणी वल्ही मारत नाही.

वारणाकाठ

भगव्याचं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. शिडवाली ताई, यापुढं प्रत्येक चित्रात आधी झेंडा बघणार.

शिरोळचा_नावाडी

विसर्जनाला गलबत मिरवणुकीत काढणार का? महाद्वार रोडला वरच्या तारांचं काय?

पेठकरी

काढणार. म्हणूनच सॉकेटला वेल्ड न मारता खिळी ठेवलीय. परबाण खाली घेऊन नावेवर लांबीनं ठेवायचं आणि डोलकाठी मागं आडवी पाडायची. काका, खऱ्या नावेत शीड उतरवताना क्रम काय असतो? पोरांना तोच शिकवतो, म्हणजे मिरवणुकीत गोंधळ नको.

देवबागकर

आधी दामण सोडा, म्हणजे शिडातला वारा निघून जाईल. मग मागं बांधलेला शीड चढवायचा दोर दोघांनी धरून हळूहळू ढिला करा. एकदम सोडला तर परबाण खालच्या माणसाच्या डोक्यात येईल. एकानं नाळेकडचं टोक धरायचं, दोघांनी मागचं. परबाण खाली आलं की शीड त्याच्यावर गुंडाळून सुंभानं बांधा. मग बाजूचे दोर, सगळ्यात शेवटी डोलकाठी. चढवताना उलट. हुकूम एकानंच द्यायचा, बाकीच्यांनी गप्प राहायचं. नावेवर तसंच असतं.

पेठकरी

छापून शेडच्या भिंतीवर लावलं. शुक्रवारी रात्री परबाण पहिल्यांदा चढवणार आहोत. काका, हुकूम तुम्हीच द्यायचा. शिडवाली ताई, फलकाचं चित्र आणलंत तर तेही त्याच दिवशी लावून बघू. बाई, पाट्यांचा मजकूर मी आज रात्री टाकतो, तेवढा नजरेखालून घाला. वल्ही तासायला अजून चार हात लागतील. ज्यांना जमेल त्यांनी नऊनंतर उद्यमनगरात या.